बांधाकडेच्या कबरीवरचा गुलाब

शहरबानूखाला,

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तेव्हा हे पत्र तुला पोचायचा प्रश्न नाही. तरी तुझ्याशीच बोलते. तुझ्याबद्दल इतरांना सांगायला लागले की लोक 'बिचारी' म्हणतात आणि चहाकडे वळतात. तू बिचारी नव्हतीस. हट्टी होतीस, फटकळ होतीस, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय याची नको इतकी खबर ठेवणारी होतीस. आता काही गोष्टी तुला ठाऊक असूनही सांगाव्या लागतील, कारण वाचणाऱ्यांना त्या ठाऊक नाहीत. मध्ये बोलू नकोस.

आपलं गाव रेवसच्या अलीकडे, खारेपाटात. पुढे खाडी, खाडीला मातीचा बांध, बांधाच्या आत भातखाचरं, वर टेकाडावर माडांच्या वाड्या आणि घरं. माझे वडील जकात नाक्यावर कारकून. तुझं घर आमच्या परसाला लागून. तुझा नवरा रशीदचाचा मचव्यावर तांडेल, मुंबईला भात, लाकूड आणि कोंबड्या नेणारा. तुम्हांला एकच मुलगी, मेहरुन्निसा. माझ्याहून थोडी मोठी.

मेहरूनला माणगावच्या बाजूला दिली. तिथून ती दोनदा परत आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या दंडावर काय होतं ते मी पाहिलं आहे, लिहीत नाही. रशीदचाचा ओट्यावरून म्हणाले, "उद्या गाडी जोडतो. नांदायला दिलेली पोर घरात ठेवीत न्हाईत." सकाळी गाडी जोडून तयार होती आणि मेहरून विहिरीत होती.

पाय घसरला, असं तू सांगितलंस. सगळ्यांनी मान डोलावली. त्या विहिरीला कमरेएवढा दगडी कठडा होता. कमरेएवढ्या कठड्यावरून पाय घसरत नाही, हे गावातल्या म्हशीलासुद्धा कळलं असतं. पण तू घसरला म्हणालीस म्हणून माती मिळाली, नमाज झाली. फक्त जागा मिळाली ती कबरस्तानाच्या पार खालच्या कडेला, बांधाजवळ. वर जागा शिल्लक नाही, असं सांगण्यात आलं. वर जागा होती. अजूनही आहे.

तुमच्यात कबरीवर ओली फांदी टोचतात, सब्जाची रोपं लावतात. ते हिरवं असेतोवर खुदाची तारीफ करत राहतं आणि खालच्या माणसाला तेवढा आराम पडतो, असं तू मला समजावलंस. इतरांच्या दृष्टीने ती रीत होती. उन्हाळ्यात सब्जा वाळला की पावसात पुन्हा लावायचा, मधल्या काळाची काळजी कोणी करत नसे. तुला मात्र एक दिवसही कोरडा चालणार नव्हता. का, ते तू कधी बोलली नाहीस. जीव देणाऱ्याला कबरीत सजा होते म्हणतात, पण ज्या मुलीचा पाय घसरला तिला कसली सजा व्हायची? तेव्हा बोलायची सोयच नव्हती.

बांधाकडे सब्जा आठवडाभरही तगेना. उधाणाला पाणी बांधातून झिरपायचं आणि मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ दिसायचं. मग तू गुलाबाचं डोक्यात घेतलंस. मेहरूनला गुलाबाचं वेड होतं, चाचा मुंबईहून येताना तिच्यासाठी पानात बांधून आणायचे. एका खलाशाकरवी तू मुंबईचं कलम मागवलंस. लालभडक, वाटीएवढं फूल. पश्चिमेचा खारा वारा लागला आणि पानांच्या कडा तव्यावर भाजल्यासारख्या झाल्या. होळीपर्यंत काटकी उरली. दुसरं आणलंस, तेही गेलं.

"खाला, निवडुंग लाव," मी म्हटलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि मला सगळं कळत होतं. "समुद्राचा बापसुद्धा त्याला मारणार नाही."

"निवडुंग गुरं अडवायला लावतात. माझी पोर काय ढोर हाय?"

चौलला देवळापुढे वेण्या विकणारी गोदूबाई तुझ्या ओळखीची. तिच्याकडे तू मला घेऊन गेलीस. तिच्या वाडीला समुद्राच्या अंगाने गुलाबाचं कुंपण होतं. गुलाब म्हणायचं इतकंच. पाच पाकळ्यांचं फिकं फूल, पान बारीक, आणि काटे असे की लुगडं अडकलं तर फाडूनच सुटावं लागे.

"देवाला चालत न्हाय आन गिऱ्हाईक घेत न्हाय," गोदूबाई म्हणाली. "पन माझी सासू ऱ्हाली न्हाय, सासरा ऱ्हायला न्हाय, ह्यो मेला उभा हाय."

"फुलं कोणाला पायजेत? मला पान पायजे," तू म्हणालीस.

गोदूबाईने पेन्सिलीएवढ्या जाड काड्या दिल्या. दुसऱ्याच्या मुळावर डोळा भरलेलं कलम नाही, आपल्याच मुळावर धरणारा गुलाब. एक काडी तू आमच्या परसात मोरीच्या कडेला खोचलीस, 'जामीन' म्हणून. बाकीच्यांसाठी टेकाडावरची गोडी माती टोपलीने खाली नेलीस आणि कबरीच्या उशाला हातभर उंच वरवंडा केलास, म्हणजे मुळं खाऱ्या ओलीच्या वर राहतील. पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचे झाप उभे करून त्यावर फाटकं जाळं ताणलंस. पाणी झऱ्याचंच. वारा जोराचा सुटला की दुसऱ्या दिवशी तू तांब्या घेऊन पान न् पान धुवायचीस. लोक हसायचे. "शहरबानू झाडाला वजू घालते, आता नमाज पढवील," असं मशिदीच्या पायरीवर बसणारे म्हणायचे. तू त्यांच्या बापजाद्यांचा उद्धार करून पुढे जायचीस.

आणि ते जगलं. पहिल्या वर्षी नुसतं टिकलं, मग पसरलं. मी मुंबईला कॉलेजात गेले तोवर कमरेएवढं झुडूप झालं होतं, भर वैशाखात हिरवं. तू मला तिकडे नेऊन उभी करायचीस आणि परत आणायचीस.

रशीदचाचा या सगळ्यात कुठेच नव्हते. ते कबरस्तानात वरच्या अंगाला, आपल्या बापाच्या कबरीपाशी उभे राहून परत फिरत. मेहरूनचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस गावात नव्हता.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षात जायच्या आधीचा उन्हाळा. मृगाच्या आधी आपल्याकडे माडांना खत घालतात: आळं उकरायचं, मुळाशी ओंजळ-ओंजळ मीठ टाकायचं, वर कुटी, म्हणजे सुकून कुजलेली मासळी, आणि माती ओढायची. माडाला मीठ मानवतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी आले तेव्हा झुडपाची पानं तपकिरी पडत होती. तुला वाटलं बांध फुटला. बांध धड होता. मग तू उशाची माती बोटावर घेऊन जिभेला लावलीस आणि थुंकलीस. आळं नीट गोल केलेलं होतं, कडा थापलेल्या होत्या. तेवढं पाहूनही तुझ्या लक्षात आलं नाही, इतकी तू पेटली होतीस.

झऱ्यावर बायका होत्या. तू हंडा खाली ठेवलास आणि सुरुवात केलीस. "ज्यानं माझ्या पोरीच्या उशाला मीठ पेरलं त्याच्या हाताला कीड पडंल. त्याला मेल्यावर कूस पालटायला जागा मिळायची न्हाय."

चाचा वाडीतून रिकाम्या टोपल्या घेऊन येत होते. ते थांबले.

"बानू, पुरे."

"पुरे कशाला? तुम्हांला काय त्याचं? तुम्ही कधी तिकडं फिरकला बी न्हाय."

"फिरकलो. मीच घातलं."

"काय?"

"मीठ. आन कुटी. माडाला घालतो तेवढंच." त्यांनी टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "झाड बारीक वाटलं."

"तो माड होता काय?"

"झाडाला घालतात ते घातलं. दुसरं मला काय येतंय?"

एकीने उगाचच कळशी विसळली. तू हंडा उचललास, तो भरलेला नव्हता, आणि तशीच घरी गेलीस. घातलेला शाप परत घेता येत नाही, म्हणून त्या दिवसापासून तू त्यांच्या हातांकडे बघायचीस. वाढताना बघायचीस, ते दोर वळत असले की बघायचीस. मी पाहिलं आहे.

नंतर तुम्ही दोघं झऱ्याचं पाणी वाहत होता. तो मनुष्य खांद्यावर कावड घेऊन भर गावातून बांधाकडे जायचा आणि तू मागे. मशिदीच्या पायरीवरचे या वेळी हसले नाहीत. पण इतकं मीठ धुऊन निघत नाही. माझ्या जायच्या दिवसापर्यंत झुडपावर एकही हिरवं पान नव्हतं.

ती पावसाळ्याआधीची शेवटची बोट. तू रेवसच्या धक्क्यावर आलीस, मला वाटलं सुके जवळे द्यायला. जवळे होतेच. मग मला बाजूला घेतलंस.

"बाय, तुज्या परसातला जामीन हाय. पाऊस लागला की त्याच्या काड्या तिकडं लावते."

"मग लाव की. माझी परवानगी कशाला?"

"आयक. मदी खंड पडला. आता नवं लावलं तर पुढचं वर हिशेबात धरतील, पन ह्या मदल्या दिवसांचं काय? आन आदी इतकी वर्सं हिरवं होतं, ते जमेला ऱ्हातं, का वाळलं तशी सगळी गेली?"

"हे मला काय विचारतेस? तुमच्या मशिदीतल्या खतीबांना विचार."

"त्यांना विचारलं तर ते म्हनतील, घसरलेल्या पोरीला कसली फिकीर."

 पाय घसरला नव्हता, हे इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा म्हणालीस, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

"मुंबईत कोनी मोठा आलीम आसंल. त्याला विचार. गावाचं नाव घेऊ नको, पोरीचं घेऊ नको."

"मला हिंदू मुलीला कोण उभं करील?"

"तू शिकलेली. शिकलेलं मानूस शिकलेल्याशी बोलतं."

बोटीचा भोंगा झाला. विचारीन, म्हटलं.

कॉलेजात फारसीचे वृद्ध प्रोफेसर होते, मोठे आलीम, धर्माचे विद्वान म्हणून त्यांचं नाव. मी त्यांच्या दाराशी गेले तेव्हा आत तास चालू होता. तास संपल्यावर येईन म्हणून वळले. त्याच आठवड्यात वडिलांचं कार्ड आलं. भर पावसात तू बांधाकडे काड्या लावत बसली होतीस, ताप डोक्यात गेला, श्रावण लागायच्या आत तू गेलीस. तुला वर जागा मिळाली.

दिवाळीच्या सुटीत मी घरी आले तेव्हा रशीदचाचा ओट्यावर होते. खंगले होते.

"काड्या धरल्या का, चाचा?"

"दोन धरल्यात. मी हात लावीत न्हाय. लांबूनच पानी सोडतो." मग, "तिनं तुला कायतरी काम सांगितलं होतं म्हनं. धक्क्यावर."

"हो."

"झालं?"

"नाही."

"काय होतं?"

मी म्हटलं, मुंबईहून काही विचारून आणायचं होतं, आता त्याचं काही नाही. त्यांनी मान हलवली आणि हात उपरण्याखाली घेतले.