शून्यावर आणलेलं बटण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला – माझ्या बायकोला – तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

आधी मशीनचं सांगतो, ते सोपं आहे. झोपेत माझा श्वास अडकतो. म्हणून नाकावर मास्क लावून झोपावं लागतं, आणि उशाशी ठेवलेलं सीपॅप मशीन रात्रभर हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. वीज गेली की मशीन बंद. लखनौला, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये इन्व्हर्टर आहे, तिथे चिंता नाही. पण चार वर्षांपूर्वी कॉलनीतल्या तीन कुटुंबांनी डिसेंबरात तराईच्या जंगलाकडे, नदीकाठी तंबूत दोन रात्री राहायचं ठरवलं. तिथे वीज नाही. मी म्हटलं, तुम्ही जा.

मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर आहे – हे लक्षात ठेवा, पुढे लाज वाटायला उपयोगी पडेल. अडॅप्टरवर नव्वद वॅट लिहिलेलं वाचलं, मनातल्या मनात गुणाकार केला आणि जाहीर केलं, की एवढ्या विजेला ट्रकची बॅटरी लागेल. विषय संपला. सुनंदाचा मात्र संपला नव्हता. ती मूळची वर्ध्याकडची, कॉमर्सची. पण घरातला गॅस सिलिंडर कोणत्या आठवड्यात संपणार हे ती महिनाभर आधी सांगते आणि तो त्याच आठवड्यात संपतो. ती आलमबागच्या ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेली. त्याच्याशी तासभर बोलली, एक छोटी लिथियम बॅटरी घेतली आणि वीज किती खर्च झाली ते दाखवणारं मीटर त्याच्याकडून आठवडाभरासाठी मागून आणलं.

मग सहा रात्री माझ्यावर प्रयोग! रोज सकाळी चहाच्या आधी ती मीटर बघायची आणि कॅलेंडरच्या मागे आकडे लिहायची. मशीनला हवा दमट करायची पाण्याची टाकी असते, ती गरम करणारं एक गोल बटण असतं. खरी वीज खाते ती ही टाकी, मशीन नव्हे – हे तिने शोधून काढलं. टाकी गार ठेवली तर बॅटरी दोन रात्री पुरून थोडी उरते, गरम केली तर एक रात्रही धड जात नाही. इन्व्हर्टर मधे घातला की वीज वाया जाते, म्हणून तिने मिस्त्रीकडून थेट जोडायची वायर करून घेतली. अडॅप्टरवरचा नव्वदचा आकडा जास्तीत जास्त किती लागेल याचा असतो, रोज तेवढं लागत नाही – हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तिला कुणीच शिकवलं नव्हतं. तिने मोजलं होतं.

मला कौतुक वाटलं का? वाटलं. मनापासून वाटलं. पण तोंडाने म्हटलं काय? "बघू."

शेवटी मीही गेलो. तंबूतली पहिली रात्र छान गेली. बटण शून्यावर, मशीन सुरू, मी सकाळपर्यंत गाढ. शेकोटीपाशी चहा घेताना आमचे शेजारी त्रिपाठीजी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाई साहब, असली इंजीनियर तो भाभीजी निकलीं!" सगळे हसले. मीही हसलो. सुनंदा लाजून कपात बघत राहिली, आणि इतकी खूश मी तिला फार दिवसांनी पाहिली होती.

दुसऱ्या रात्री ती झोपल्यावर मी ते बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं.

थंडी होती हो. नाक कोरडं पडलं होतं – असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आलोय. पण पडलं होतं का? आदल्या रात्री तेच नाक, तीच थंडी, आणि मला जागसुद्धा आली नव्हती. नाही – नाकाचं काही नव्हतं. बॅटरी संपेल हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. ती संपायला हवी होती मला.

तीनेक तासांत संपली. मी गुदमरून उठलो, मास्क ओढून काढला. आणि पहिलं काम काय केलं असेल? सुनंदाला हाक मारली? नाही. अंधारात चाचपून बटण परत शून्यावर आणलं. टाकी कोमट लागत होती, तिच्यावर टॉवेल टाकला. मग हाक मारली.

उरलेली रात्र तिने बसून काढली. माझ्या पाठीशी दोन बॅगा रचल्या, वर स्वतःची रजई दिली, आणि माझा श्वास अडकला की खांदा हलवून मला जागं करत राहिली. एकदाही डुलकी नाही. मी मधूनमधून डोळे किलकिले करून बघत होतो. शालीत गुरफटून, ओठ हलवत, ती सगळे आकडे पहिल्यापासून पुन्हा जुळवत होती.

तेव्हा तरी सांगायचं ना? सकाळी त्रिपाठीजींनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "गणित चुकलं हिचं थोडंसं. होता है." थोडंसं! वर उदारपणाही दाखवला. ती म्हणाली, "थंडीत बॅटरी कमी पडते, हे माझ्या ध्यानातच नाही आलं हो." माझ्या खोटेपणाला कारणही तिनेच शोधून दिलं.

घरी येऊन तिने पुन्हा चाचणी घेतली. दोन रात्री व्यवस्थित चाललं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मग तिथे काय झालं? तिने माझ्यावर शंका घेतली नाही. स्वतःवर घेतली.

आणि इथवर ठीक होतं, असं तुम्ही म्हणाल. नव्हतं. दोन महिन्यांनी त्रिपाठीजींचे मेहुणे जानकीपुरमहून आमच्याकडे आले. त्यांनाही हाच आजार. हरदोईकडे गावी त्यांची आई एकटी असते, तिथे वीज रात्र-रात्र नसते, म्हणून तिच्याकडे मुक्कामाला जाता येत नव्हतं. भाभीजी, हमारे लिए भी ऐसी बैटरी बनवा दीजिए, म्हणाले. सुनंदाने हात जोडले. "नहीं भैया, जान का मामला है. मेरा हिसाब एक बार ग़लत हो चुका है."

मी समोर बसलो होतो. बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली. ते चहा पिऊन गेले. आईकडे ते अजूनही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात, असं त्रिपाठीजी सांगतात.

आम्ही मात्र फिरतो. त्यानंतर पाच वेळा तंबूत राहून आलोय, आणि मशीन एकदाही बंद पडलेलं नाही, कारण ती आता दुप्पट बॅटऱ्या घेते. जास्तीची बॅटरी स्वतःच्या पाठीवर. माझ्या कमरेला त्रास नको म्हणून. इतकी नीट, इतकी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही. हे मी तिला कधी म्हटलेलं नाही.

येत्या शनिवारी पुन्हा निघायचं आहे. आत्ताच ती कागद घेऊन आली होती. आधी कधी कुणाला दाखवायची नाही, आता दर वेळी दाखवते. "अहो, जरा बघता का, कुठे चुकलं तर नाही ना?" कुठेच चुकलेलं नसतं. मी चष्मा लावला, दोन मिनिटं कागदाकडे पाहत बसलो, आणि खाली बरोबरची खूण केली.