घशातलं दुखणं आणि पुरीची तिकिटं

मंडळी, आज जेवताना आमच्या बंगाली सूनबाईने विचारलं, "आई, तुम्ही मासे खात नाही, मग बाबांच्या ताटातले काटे तुम्हीच का काढता?" तिला सांगितलं तेच इथे सांगते.

सत्तरच्या दशकात यांची बँकेने कलकत्त्याला बदली केली. आम्ही हौसेने जगन्नाथपुरीची तिकिटं काढली आणि यांचा घसा दुखायला लागला. घोट गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, घसा लाल आहे. गोळ्यांनी काही फरक पडेना. माझ्या मनात नको नको ते येऊ लागलं. शेवटी पुरीला जायचं रद्द करून अंथरुणाचा बांधलेला होल्डॉल मी सोडायला घेतला.

तेवढ्यात शेजारच्या काकीमा आल्या. यांना पाणी पिताना बघून त्यांनी एवढंच विचारलं, "कुठला मासा खाल्लात?"

आमच्या घरात तोवर अंडंसुद्धा आलं नव्हतं. हे मान खाली घालून म्हणाले, "इलिश. ऑफिसातल्या मित्राकडे."

त्याच दिवशी डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला. मी चांगली झापणार होते, पण इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं.

पुरीला यांनी माझ्यासमोर मासा मागवला. मी एका हाताने नाकाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने काटे काढायला बसले. तो पदर कधी सुटला, आठवत नाही.

तुमच्याकडे कोण काय चोरून खातं? दुखायच्या आधीच विचारून घ्या!