नाव घातलेला गडू

गिरिजाबाई समुद्र बघून आली आणि आल्या पावली चुलीपुढं बसली. हे आधीच सांगून टाकते, कारण मागनं सांगायला लागले की माझं डोकं फिरतं. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. तिकडं भाकरी थापली की इकडं मला ऐकू यायची, आणि इतकी वर्षं ती एकाच हाताची थाप होती.

अणदूरपासनं कोसभर आत आमचं गाव. गिरिजा तिथं लग्न होऊन आली ती अक्कलकोटाकडनं, तोंडात सगळं कानडी. बापानं लेकीला भांडी मात्र झकास दिलेली, तांब्या-पितळेची. पुढं नवरा पटकीनं गेला. पोरबाळ नव्हतं. धाकटा दीर महालिंगप्पा घरचा कर्ता झाला, आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर नळदुर्गाहून नावं घालणारा माणूस बोलावला आणि घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर स्वतःचं नाव घालून घेतलं. आता लग्नाकार्याला भांडी शेजारीपाजारी जातात, नाव नसलं तर परत येत नाहीत, हे खरं. पण त्यात हिच्या माहेरचीही भांडी होती. तो माणूस ओट्यावर बसून ठोकत होता आणि गिरिजा आतनं एकेक भांडं आणून त्याच्या हातात देत होती. मी म्हटलं, "अगं, तुझी तरी बाजूला काढ."

"एका घरात माझं-तुझं काय, शांताक्का," ती म्हणाली. मला तेव्हाच तिच्या पाठीत एक धपाटा घालावा वाटला.

महालिंगप्पा वाईट माणूस होता म्हणाल, तर तसं न्हाय. त्यानं कधी हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. गोड बोलायचा. "वहिनी, तुमच्याबिगर या घरातलं पान हलत न्हाय." झालं. ती माहेरी जाते म्हणाली की म्हैस व्यायला झालेली असायची, नाहीतर जावेचं बाळंतपण. बाप अंथरुणाला खिळला तेव्हाही "पुढल्या आठवड्यात जा की" म्हणाला, आणि पुढल्या आठवड्यात बाप गेल्याचाच निरोप आला. ती निजायची माजघरात, येण्याजाण्याच्या वाटेवर. ज्याला तहान लागेल त्यानं तिला उठवायचं.

छप्पन साली आमचा मुलूख हैदराबाद राज्यातनं निघून मुंबई राज्यात गेला. त्याच्या पुढच्या की त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात परदेशातली चार माणसं गावात आली, ओढ्यावर बांध घालायला. पगार न्हाय, पाणी न्हाय, आपल्या खर्चानं यायचं आणि दुसऱ्याच्या गावात दगड उचलायचे. गावाला वाटलं, यांनी तिकडं काहीतरी गुन्हा केला असणार, त्याची ही सजा. महालिंगप्पानं मोठेपणानं त्यांच्या जेवणाचा जिम्मा घेतला. म्हणजे गिरिजानं घेतला.

त्या चौघांत एल्साबाई म्हणून होत्या. स्वीडन नावाच्या मुलखातल्या, चाळिशीच्या, कुठल्याही गड्याला भारी पडतील अशा. शाळेचे बाबूराव मास्तर त्यांचं बोलणं आम्हाला सांगायचे. एकदा जेवता जेवता त्यांनी मास्तरांना विचारायला लावलं, "ही बाई बसते कधी?" सगळी पंगत हसली. गिरिजा पण हसली आणि भाकरी आणायला गेली.

बांधाचं काम संपलं की ही मंडळी विसाव्याला रत्नागिरीकडं जाणार होती, समुद्रावर. वाळूत ऊन घेत पडून राहायचं, असं मास्तरांनी सांगितलं. गिरिजाला काही उमगेना. "पडून राहायचं म्हंजे आजारी पडल्यावर का?" तिनं विचारलं. मास्तरांनी ते एल्साबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

मग एके दिवशी माझ्याच परसात त्यांनी आम्हा दोघींना मास्तरांकरवी सगळं समजावलं. तिथं समुद्राकाठी त्यांच्या ओळखीची एक डॉक्टरीणबाई बाळंतिणींचा दवाखाना चालवते. तिला स्वैपाकाला बाई पाहिजे. राहायला वेगळी खोली. आमच्याबरोबर ये, बघ, पटलं तर तिथंच राहा. खोलीला आतनं कडी आहे, असंही त्या बोलल्या.

"आतनं?" गिरिजानं मास्तरांना पुन्हा विचारायला लावलं. "कडी आतनं हाय?"

बांध पुरा झाला. तहसीलदार आले, हारतुरे झाले. एल्साबाई उभ्या राहिल्या आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या की ही बाई आमच्यासाठी राबली, आता आम्ही तिला समुद्र दाखवायला नेतो. महालिंगप्पाचा डोळा सरपंचकीवर. तहसीलदारांपुढं तो काय बोलणार? "खुशाल न्यावं की," म्हणाला.

पण संध्याकाळी माझ्या दारात. "शांताक्का, विधवा बाईमाणूस परक्यांसंगं जाणार, लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "आपला खंडोबा सुदिक दरसाल अणदूर सोडून नळदुर्गाला जाऊन ऱ्हातो. त्याला कोण काय म्हणतं?"

तो नुसता हसला. हसला तिथंच मला कळायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं गावभर केलं की आमच्या वहिनी समुद्रस्नानाला निघाल्या, सगळ्या नद्यांचं पाणी जिथं जातं तिथं, म्हणजे ही यात्राच. आणि यात्रा म्हटली की आमच्याकडं मावंदं आलं. गेलेल्या माणसानं गडूत तीर्थ भरून आणायचं, ते घरी पुजायचं, सगळ्या भावकीला पुरणाचं जेवण घालायचं. याच्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. ही अजून घरात बोचकं बांधतेय आणि यानं भावकीला मावंद्याचा दिवससुद्धा कळवून टाकला. वर तिच्या हातात तांब्याचा गडू दिला. "भरून आणा, वहिनी. सगळी वाट बघणार." गडू तिच्याच माहेरचा. वर नाव महालिंगप्पाचं.

मी तिला गाडीवर सोडायला गेले. सोलापूर, मग कोल्हापूर, मग घाट उतरून खाली, असा लांबचा पल्ला. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, "येऊ नको बरं का."

"न्हाय येत," ती म्हणाली, आणि हसली. असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. घरी येऊन मी पोटभर रडले आणि जेवले.

मावंद्याच्या आदल्या दिवशी ती एस.टी.तनं उतरली. एकटी. गडू छातीशी धरलेला. मला असा राग आला! मी तोंड फिरवून घरात गेले.

मावंदं दणक्यात झालं. यात्रा करून आलेल्याचे पाय धुवायची रीत, पण गिरिजा आत पोळ्या लाटत होती, म्हणून गडूलाच हार घातला. महालिंगप्पानं पळीपळी तीर्थ वाटलं. आमच्या गावात समुद्राचं पाणी कुणी चाखलंय? पहिल्या घोटाला लोकांची तोंडं वाकडी झाली, पण तीर्थ थुंकायचं कसं? सगळ्यांनी डोळे मिटून गिळलं. एक म्हातारा म्हणाला, "लई जागृत पानी हाय." एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी ताट तसंच ठेवून मी आत गेले.

ती चुलीपुढं. पुरणाचा ढीग एकीकडं, पोळ्यांचा एकीकडं. मी दाराला पाठ लावून बसले. "बोल आता. नव्हतं पटलं तिथलं?"

"पटलं की." तिनं पोळी उलटली. "एल्साबाईनं मला वाळूत बसवलं, शांताक्का. म्या बसले. दुपार झाली, सांज झाली, कुनी उठ म्हनालं न्हाय. मलाच भ्या वाटाया लागलं, म्या मेले का काय म्हनून."

"आणि खोली?"

"हाय की. कडी बी हाय. दोन रात्री लावून निजले. सकाळी उजाडल्यावर कळलं की उजाडलं."

"मग मेले, आलीस कशाला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच खुळी आहे. "गडू भावजींचा न्हवं? त्यांचं नाव हाय त्याच्यावर. दुसऱ्याचं भांडं घिऊन तिथंच ऱ्हायले तर चोरच की म्या. ज्यानं नेलं त्यानंच परत द्यावं. आन् भांडं रिकामं परत देत न्हाईत, म्हनून भरून आनलं."

"गिरिजा, अगं तो गडू तुझ्या बापानं दिला."

"व्हय. पर नाव त्यांचं हाय." मग तिनं आवाज खाली केला. "डॉक्टरीणबाई आठ दिस जागा धरून ठेवती म्हनाल्यात. गडू दिला आता. आता कुनाचं काय माझ्याकडं ऱ्हायलं न्हाय. सोमवारच्या गाडीनं जाते म्या."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बया शहाणी निघाली, मीच उगीच राग धरला. उठून तिच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

तेवढ्यात महालिंगप्पा आत आला. हातात रिकामा गडू. पाण्याच्या मिठानं तांब्यावर हिरवट डाग धरले होते. "वहिनी, हा जरा घासून ठिवा. देव्हाऱ्यात तुमच्याच हातानं मांडायचा, उद्यापासनं पूजा तुमचीच." आणि जाता जाता उंबऱ्यात थांबला. "म्हशीचे दिवस भरल्यात. आजउद्या व्यायची. पंधरावडाभर कुठं हलू नका."

मी गिरिजाकडं बघितलं. एकदा तरी नाही म्हण, एवढंच माझ्या मनात.

"बरं," ती म्हणाली. गडू हातात घेतला, फळीवरनं चिंच काढली आणि घासायला बसली. नावाच्या अक्षरांत डाग जास्त होते, म्हणून ती नावच आधी घासायला लागली.