शेवटच्या आठ जुड्या

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत तिसरं बारदान प्रयागबाईचं. मेथी, पालक, आणि पुस्तकात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार. सकाळी ती जो भाव सांगते, तोच दिवस मावळताना. दहाची जुडी दहालाच. एखादं नवखं गिऱ्हाईक उन्हं कलल्यावर घासाघीस करायला टेकलं, तर शेजारचा लसूणवाला खेमाच त्याला उठवतो.

"दादा, उगी गुडघे दुखवू नका. ह्या बाईचा भाव तिच्या वयासारखा हाय. खाली येत नाई."

उरलेल्या जुड्या ती विकत नाही. टोपल्यात भरते, बसथांब्यामागच्या पडीत जागेत शेळ्या चरत असतात त्यांच्यापुढे टाकते, आणि रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घालून घरी जाते. आता सगळी ओळच तसं करते. कोणी ठरवलं, हे कोणी विचारत नाही.

तिची आई तसं करत नसे. उन्हं उतरली की आईचा जीव खालीवर व्हायचा, आणि दहा आण्यांची जुडी पाच आण्यांत जायची. आई आजारी पडली तेव्हा प्रयागा तेरा वर्षांची होती. सातवीची वही मिटून ती टोपल्यामागं बसली. महिनाभरात तिच्या ध्यानात आलं, की दुपारी ज्या बाया भाव न विचारता टोपल्याकडे नुसतं पाहून पुढं जातात, त्याच दिवेलागणीला परत येतात. गिऱ्हाइकाचा सौदा मेथीशी नव्हता, आईच्या संध्याकाळशी होता. पुढच्या बाजारी तिनं उरलेल्या अकरा जुड्या शेळ्यांपुढे टाकल्या. बापानं, जगदेवनं, त्या रात्री तिच्या थोबाडीत मारली. त्यानंतरच्या बाजारी सहा उरल्या. दिवाळीपर्यंत बाया दुपारीच घेऊ लागल्या, पूर्ण भावात. जगदेवनं पुन्हा हात उगारला नाही, पण तोंडानं शाबासही म्हटलं नाही.

ज्याला ते कळलं असतं तो घरात नव्हता. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा भाऊ, भागवत, वाशीमला मामाकडे शिकत होता. मास्तरांनी दोघांची हुशारी सारखीच सांगितली होती. मामाकडे जागा एकाचीच होती.

वाशीमहून तो नागपूरला गेला, नागपूरहून पुण्याला, तिथून अमेरिकेत. बत्तिसाव्या वर्षी त्यानं जो निबंध लिहिला त्यानं त्याचं नाव झालं. कुठल्याही वस्तूची किंमत सगळ्या ढिगावरून ठरत नाही, शेवटच्या नगावरून ठरते. जो तो आपापला फायदा पाहतो, आणि मध्ये कोणी हात घातला नाही तर भाव आपोआप तिथं उतरतो जिथं टोपलं रिकामं होतं. एवढंच त्याचं म्हणणं, पण ते गणितात मांडलेलं. त्यावर त्याची पुस्तकं झाली, त्याचे विद्यार्थी दुसरीकडे प्राध्यापक झाले, सरकारं त्याला सल्ला विचारू लागली.

प्रयागबाईची नात वैभवी वाशीमला बी.ए.ला अर्थशास्त्र शिकते. तिनं एकदा तो निबंध आणून अंगणात मराठीतून सांगितला होता.

"आजी, सुरुवातच पणजीपासून हाय. 'माझी आई भाजी विकत असे. अंधार पडू लागला की शेवटची जुडी ती निम्म्या भावात देई. तो भाव कोणीच ठरवत नव्हतं.' असं."

"अन् मंग?"

"मंग गणित हाय."

"अन् मी?"

वैभवीनं पानं उलटली, पुन्हा उलटली. "तुह्यं नाई, आजी."

प्रयागबाईनं त्या दिवशी पालकाच्या काड्या नेहमीपेक्षा बऱ्याच वर खुडल्या. निम्मा पाला केरात गेला.

त्याच्या घराचा, गाडीचा, विमानाचा तिला हेवा नव्हता. सत्काराच्या वेळी पहिल्या रांगेत बसवून तिलाही लुगडं देत, ते ती घेई. भाषणात तो "आईची पुण्याई" म्हणाला की टाळ्या पडत, आणि तीही दोन वाजवी. तिला सलायची ती वेगळीच गोष्ट. त्याला लोक विचारत, हे असं का होतं? आणि गप्प बसून ऐकत. तिला पन्नास वर्षांत लोकांनी एकच प्रश्न विचारला होता: कशी दिली?

यंदा थंडीत भागवत आला तो एकटाच, भाड्याच्या गाडीनं. सत्कार नव्हता. बाजाराच्या आदल्या दिवशी अंगणात ती जुड्या बांधत होती, तिथं खाटेवर बसून त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला.

"हे पाह्य, बाई. माझ्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातले आठवडी बाजार मोजले. रिसोड घे, जऊळका घे, सगळीकडे संध्याकाळी भाव पडतो. ही त्याची रेघ." रेघेच्या अंगाखांद्यावर ठिपके बसले होते. एकच ठिपका वर, एकटा. "आणि हे शेलूबाजार. हे बसत नाही."

प्रयागबाई सुतळी हातातच ठेवून पाहत राहिली. तिच्या अंगातून काहीतरी ऊन ऊन चढत गेलं. त्याच्या एवढ्या मोठ्या कामात आपण आहोत. एवढ्याशा का होईना, पण आहोत, आणि सगळ्यांच्या वर आहोत. तिनं बोट पुढं केलं.

"हात नको लावू, हिरवे डाग पडतात," भागवतनं पडदा वळवला. "मी सकाळी त्या लसूणवाल्याला विचारलं. तो म्हणते, बाईले इचारा, कायदा तिचा हाय. कोणता कायदा?" त्याची वऱ्हाडी पेटीतून काढलेल्या कोटासारखी होती, घड्या तशाच.

"खेमा मसकरी करते."

"आकडे मस्करी करत नाहीत. बाई, मी नवीन पुस्तक लिहून राह्यलो. शेवटचं प्रकरण एवढ्यासाठी अडलं आहे. तुले काही ठाऊक असेल तर सांग."

खिशातून त्यानं पेन काढलं, टोपण उघडलं.

दोन वाक्यांत सांगून झालं असतं. ती दोन वाक्यं प्रयागबाईच्या जिभेवर आली सुद्धा. पण पेनाकडे पाहताना तिला ती पुढं कुठं जातील हे दिसलं. गणितात जातील, पुस्तकात जातील, कोणत्या तरी सभागृहात लोक गप्प बसून ऐकतील, आणि बोलणारा तोच असेल. आईची संध्याकाळ त्यानं नेली होती. आपल्या पन्नास वर्षांच्या संध्याकाळी तेवढ्या उरल्या होत्या. "माझी बहीण" असं त्यानं लिहिलं, तरी लिहिणारा तोच.

"मले काय समजते त्यातलं," ती म्हणाली.

भागवतनं पेन बंद केलं नाही. "ठीक आहे. मग उद्या तुझ्याजवळ बसतो. शेवटच्या जुडीपर्यंत."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खेमानं कुठून तरी खुर्ची आणून दिली. भागवत तिच्या बारदानाशेजारी बसला. दर घंट्याला वहीत काही टिपायचा. येणारे-जाणारे त्याला नमस्कार करत, प्रयागबाईला विचारत, "भाऊ का तुमचा?" आणि भाव विचारायचं विसरून पुढं जात. मेथी नेहमीपेक्षा हळू सरली. सूर्य बसथांब्याच्या पत्र्याआड गेला तेव्हा टोपल्यात आठ जुड्या होत्या.

गाडीवाला घाई करत होता. नागपूरचं विमान होतं. भागवत म्हणाला, "ह्या आठ संपू दे."

ती आठ वेळा मोजल्यासारखी जुड्यांकडे पाहत राहिली. ओळीत तिच्याआधी कोणी टोपलं उचलत नसे. आता ती उचलून शेळ्यांकडे गेली तर तो मागं येणार. आणि पहिल्या शेळीनं तोंड घालायच्या आत त्याला सगळं कळणार. तो बुद्धू नव्हता. तेच तर सारं दुखणं होतं.

तेवढ्यात खानावळवाला राजपाल पिशवी झुलवत आला. वीस वर्षं दर बाजारी तो जाता जाता एकच थट्टा करी, आणि तिचं उत्तर ठरलेलं असे: सकाळी ये.

"काय बाई, आज तरी उतरला का भाव?"

"पाचले ने," प्रयागबाई म्हणाली.

राजपाल दोन पावलं पुढं गेला होता, तो थांबला. "काय म्हनलं?"

"पाचले जुडी. आठही ने."

खेमाच्या हातातला लसूण हातातच राहिला. "बाई, ताप-गिप हाय का?"

"तू तुह्या लसनाकडं पाह्य."

तिचं मन फिरायच्या आत राजपालनं जुड्या पिशवीत कोंबल्या. पलीकडं वांगी चिवडणाऱ्या दोन बायांनी माना वळवल्या. त्यांनी ऐकलं होतं.

भागवतनं टिपून घेतलं. मग तो जरासा हिरमुसला, आणि जरासा मोकळाही झाला. "म्हणजे पोरांचीच चूक. भलत्याच वेळी मोजलं असेल." त्यानं लॅपटॉप उघडून काहीतरी दाबलं. प्रयागबाईनं पाहिलं: रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत शांत उतरत गेली होती. वर काही नव्हतं.

जाताना तो तिच्या पाया पडला. त्याचे डोळे खरोखरच भरले होते.

"अगदी आईसारखीच विकतेस तू, बाई," तो म्हणाला.

गाडी गेली. बसथांब्यामागून दोन शेळ्या सवयीनं रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन उभ्या होत्या. प्रयागबाई टोपलं पालथं घालून त्यांच्या समोरून गेली.

पुढच्या बाजारी मेथी कोवळी होती, पानावर दव टिकलेलं. दुपारी राजपाल आला. टोपल्याकडे पाहिलं, भाव विचारला नाही.

"येतो दिवस मावळता," म्हणाला आणि हसून पुढं गेला. त्याच्यामागून त्या दोन बायाही तशाच पाहून गेल्या. त्यांच्याबरोबर तिसरी होती.

खेमानं त्या तिघींच्या पाठीकडे पाहिलं. मग लसणाचा गड्डा हातात फिरवत तो तिच्याकडे वळून बसला.

"मले बी इचारून राह्यले, संध्याकाळी काय भाव करशीन म्हनून. ओळीले बट्टा लागला, बाई. तुमी त्या रोजी काहून देल्या त्या जुड्या?"

त्यानं विचारलं आणि तो उत्तरासाठी बसून राहिला. गिऱ्हाईक आलं तरी त्यानं तिकडं पाहिलं नाही.

प्रयागबाईनं डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि मेथीवर शिंपडलं. एकदा, मग पुन्हा एकदा, जुड्या चिंब होईपर्यंत.

"लसून सांभाळ," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय."