नागोरावांच्या हातचं कार्ड

नागोराव वाघमारे माझ्या हाताखाली काम करायचे, असं कागदावर आहे. कागदाला काय, काहीही लिहिलं तरी चालतं. प्रत्यक्षात नऊ वर्षं मी त्यांच्या हातांकडे बघून सह्या करत आलो. मी पुण्याचा, लायसन्सवाला इंजिनियर, तोंडाचा फटकळ. ते मूळचे पूर्णेचे. वडील रेल्वेत खलाशी होते, बदलीवर हैदराबादला आले आणि मलकपेठेत राहिले ते राहिलेच. आम्ही दोघं शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर, विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत कामाला.

पायलटच्या समोरचं पॅनेल पुढून नीटनेटकं दिसतं. मागून बघाल तर वायरींचा नुसता गुंता. त्या गुंत्यात डोकं घालून, पाठीवर उताणं पडून नागोरावांची एकतीस वर्षं गेली. बाकी सगळे वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून मोकळे होत. हे मात्र मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधत, दर दोन बोटांवर एक गाठ. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, आत कोण बघायला जाणार आहे?"

"तुमच्या-माझ्यानंतर कोणीतरी उघडंलच की साहेब," ते म्हणाले. "त्याला परेशानी नको."

गेल्या वर्षी शाळेच्या सर्वांत जुन्या, चार आसनी विमानात नवी उपकरणं बसवायचं ठरलं. दोन पडदे आणि उपग्रहावरून वाट दाखवणारं एक यंत्र. नागोराव नोकरीला लागले तेव्हा पहिला हात याच विमानाला लावला होता. ते स्वतः माझ्याकडे आले. आजवर त्यांनी मागून काही घेतलेलं मला आठवत नाही.

"हिचं काम मलाच द्या साहेब. हिच्यावरच शिकलो मी."

मी दिलं. काम किचकट होतं. सात आसनी ऑटोत बारा माणसं बसलेली असावीत आणि तेराव्यानं पेटी घेऊन चढावं, तशी आतली जागा. चार आठवड्यांचं काम सात आठवडे चाललं. मी डोकावायला गेलो की आतून आवाज यायचा, "नक्को साहेब, उजेड अडायलाय." मला वाटे, म्हाताऱ्याला माज चढलाय. चिडून मी दोनतीनदा पाय आपटत परतही गेलो. आता त्या पाय आपटण्याची लाज वाटते.

पडदे कितीही नवे येवोत, विमानात काचेच्या आड एक छोटं होकायंत्र असतंच. वीज गेली, सगळं बंद पडलं, की पायलटला तेच दिशा सांगतं. पण जवळपास लोखंड किंवा चुंबक असेल तर ते बहकतं. म्हणून पॅनेलमध्ये काही बदललं की विमान मैदानाच्या टोकाला आखलेल्या वर्तुळावर न्यायचं, एकेका दिशेला वळवायचं आणि होकायंत्र काय दाखवतं ते लिहायचं. त्या आकड्यांचं कार्ड मग होकायंत्राखाली लावतात. आमच्या सगळ्या विमानांतली कार्डं नागोरावांच्या हातची. अक्षर मोत्यासारखं.

या कामाला बसण्याआधी ते प्लास्टिकचं टोपलं पुढे करत. किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, पट्टा, सगळं त्यात काढून ठेवायचं. एकदा माझ्या बुटाच्या टाचेत खिळा आहे म्हणून त्यांनी मला विमानाच्या दारातून परत पाठवलं होतं. मी मोज्यांवर आलो, तेव्हा कुठे आत घेतलं.

त्या दिवशीही त्यांनी स्वतःच्या किल्ल्या टोपल्यात टाकल्या आणि आत बसले. मी बाहेरून विमान वळवून घेत होतो. तासाभरानं त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. आकडे भलतेच होते. कुठे सहा अंशांची चूक, कुठे चौदा. आणि अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

होकायंत्र असं बहकतं याचा अर्थ पॅनेलमध्ये कुठेतरी पितळेच्या जागी लोखंडी स्क्रू लागलाय. म्हणजे चूक नागोरावांची. सात आठवड्यांची बांधणी आम्ही पुन्हा उघडली. ते एकेक स्क्रू काढून चुंबकाला लावून बघत होते. एकही चिकटला नाही. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. चारजणांसमोर मी म्हणालो, "नागोराव, आता जमत नसेल तर तसं सांगा. यात माणसं बसून उडतात."

ते पुन्हा आत शिरले.

वायरींचा एक जुडगा बांधायचा ठेवून बाकी सगळं परत बसवलं. या वेळी मी स्वतः आत बसलो. होकायंत्र जवळपास बिनचूक. मग ते बसले, पुन्हा बारा अंशांची चूक. मी चक्रावलो. म्हटलं, चला, दोघं बसू. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. विमान जागच्या जागी उभं होतं. नागोराव आकडा वाचायला पुढे वाकले, इतके की नाक काचेला लागेल. आणि ते वाकले तशी होकायंत्राची तबकडी हळूहळू फिरायला लागली. ते मागे झाले, ती मूळ जागी आली.

"नागोराव, खिशात काय आहे?"

"काही नाही साहेब. सगळं टोपल्यात टाकलंय."

"आतल्या खिशात?"

त्यांचा हात शर्टाच्या आत गेला. बनियनला विमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चोरखिसा शिवलेला होता. त्यातून त्यांनी चष्म्याची डबी काढली. प्लास्टिकची, काळी. मी ती उघडली आणि सोडली. झाकण आपोआप टक् करून बसलं. कडेला चुंबक होता.

आतला चष्मा मी तोवर कधी पाहिला नव्हता. भिंगं बोटभर जाड. नागोराव डबीकडे बघत राहिले.

"बेगम बाजारातून आणली हिनं. माझ्या हातून चष्मा पडू लागला म्हणून. म्हणाली, झाकण पक्कं बसतंय. प्लास्टिकच्या डबीत चुंबक असंल, हे ध्यानातच आलं नाही बघा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्याला नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं, आणि ते कमीच होत जाणार असं डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. ही गोष्ट फक्त विमलाबाईंना माहीत होती. पॅनेलखाली, कोणी बघत नसताना, ते हा चष्मा लावत. बाहेर आले की चोरखिशात. बाहेर मी होतो ना. दिसत नसल्यामुळे ते जवळ वाकत, आणि ते जवळ वाकले की होकायंत्र बहके. तीन दिवस आम्ही त्यांच्या कामात जे शोधत होतो ते त्यांच्या छातीशी होतं.

"पहिलंच विमान होतं साहेब," ते म्हणाले. "म्हटलं, हिचं पुरं होईस्तोवर डोळ्यानं साथ द्यावी. मग मीच सांगणार होतो."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

त्याच दुपारी मी वरती पत्र दिलं. द्यावंच लागतं. दिसत नसलेल्या माणसाच्या कामावर मी सही कशी करणार? तरी पत्र लिहिताना आपण कुणाच्या तरी घरात शिरून दिवा मालवतोय असं वाटत होतं. जाण्याआधी त्यांनी एकच मागितलं. वायरींचा शेवटचा एक जुडगा बांधायचा राहिला होता, तो. मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत बावीस गाठी मारल्या. नंतर मी बॅटरी घेऊन एकेक तपासली. मला एकही सैल गाठ सापडली नाही.

विमान उडालं त्या दिवशी नागोरावांची मुलगी, शिवानी, त्यांना हाताला धरून घेऊन आली. विमान उत्तरेला वळलं होतं. नागोराव आवाज ऐकून पूर्वेकडे मान वर करून बघत होते. शिवानीनं त्यांची मान वळवली नाही. मीही काही सांगितलं नाही. बराच वेळ ते रिकाम्या आभाळाकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघत उभे होते.

होकायंत्राखाली आता माझ्या हातचं कार्ड आहे, कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर. नागोरावांचं चुकीचं कार्ड नियमानं फाडून टाकायला हवं होतं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलंय. मधूनमधून काढून बघतो. चौकटीबाहेर गेलेले, वाकडेतिकडे आकडे. ते चुकीचे आहेत असं मला आता म्हणवत नाही. नागोराव त्या विमानात बसलेले असले, तर त्यातला एकेक आकडा बरोबर आहे.