कधी पडलात का?

माझ्या सासूबाई मल्लम्मा कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. खोटं आहे. गेल्या वर्षात त्यांच्याइतकी भ्यालेली बाई मी पाहिली नाही, आणि त्यांना बघून बघून मलाही भीती लागली.

मुखेडजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या लातुरात आल्या आणि कडक भाकरीवर त्यांनी संसार ओढला. ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी दोन्ही हातांनी थापायची आणि कडकडीत वाळवायची. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन जात. त्यांचे हात चालू लागले की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. माझ्या भाकरीला त्या आजही 'जिल्ह्याचा नकाशा' म्हणतात.

साठी उलटल्यावर त्याच हातांना संधिवातानं धरलं. सकाळी बोटं टम्म सुजलेली, मूठ उघडता उघडेना. भाकरी सुटली, त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. भीती दुसरीच होती. आम्ही लिंगायत. अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा. तोवर पाण्याचा घोटही नाही. लहानपणापासून त्यांनी हे एक दिवस चुकवलेलं नाही. आता तळहातच सपाट होईना, तर लिंग ठेवायचं कशावर?

"आत्या, ताटलीत ठेवून करा की पूजा," मी एकदा म्हणाले. झालं! माझी शंभर वर्षं भरली.

"मेल्यावर पुरतानाबी लिंग हातातच ठिवतेत. आन् जित्तेपणी म्या ताटलीत ठिवू?"

शेवटी मी त्यांना सांधेरोगाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मालविका माझ्याच वयाच्या, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, "स्टेरॉइडची थोडी मात्रा दिली तर हात उघडतील. पण उतारवयात हे औषध सगळ्यांना मानवत नाही. कुणाची साखर वाढते, कुणाची हाडं ठिसूळ होतात. तुम्हाला फायदा जास्त होईल की त्रास, याचा अंदाज आधी बांधता येतो. फक्त मी विचारीन ते खरं सांगा."

मग प्रश्न सुरू झाले. साखर आहे का, कधी हाड मोडलंय का.

"गेल्या वर्षभरात कधी पडलात का?"

"न्हाई ओ. कधीच न्हाई."

इतकं झटकन उत्तर आलं की मला कौतुकच वाटलं. हाडांची तपासणीही बेताची बरी निघाली. डॉक्टरांनी सगळं संगणकात भरलं आणि म्हणाल्या, "चांगलं होण्याकडे कल आहे. सुरू करू या." सासूबाईंच्या कपाळाला घाम सुटला होता. मला वाटलं, उकाड्यानं.

गोळीनं कमाल केली. आठवड्यात हात उघडला. लिंग तळहातावर घेऊन त्या रडल्या, मीही रडले. पण त्यांची भीती काही जाईना. "ही गोळी बंद तर करणार न्हाईत ना गं?" हेच रोज. चालताना भिंत धरायच्या, पूजेला बसताना चारदा मागं बघायच्या.

तीनेक महिन्यांनी पाठ धरली. बाई वाकून चालू लागल्या. पुन्हा दवाखाना, एक्स-रे. मालविकाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मणका आता दबलाय. आणि हा दुसरा जुना दबलेला दिसतोय, गोळी सुरू व्हायच्या आधीचा. आजी, तुम्ही पडला होतात."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"लिंग निसटलं होतं हातातून," त्या म्हणाल्या. "धराया गेले अन् पाटावरून पाठीवर पडले. पडले म्हणलं की कशानं पडले ते इचारतेत. कोणत्या तोंडानं सांगू?"

"हाती लागलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

देव फरशीवर पडला, म्हणूनच हा भोग आला, असं त्या इतके दिवस एकट्याच मनात धरून बसल्या होत्या. मला राग आला, त्यांचा आला की त्या दुखण्याचा, कोण जाणे.

मालविकाबाई रागावल्या नाहीत. "मी अंदाज बांधला तो न पडलेल्या बाईचा होता, आजी. तो तुमचा नव्हता. आता पुन्हा पडलात तर खुबा जाईल, अंथरूण धराल. गोळी एकदम बंद करता येत नाही, हळूहळू कमी करू. हाडांचं औषध देते. सांध्यांचं दुसरं औषध सुरू करते, पण त्याचा गुण यायला वेळ लागेल. तोवर हात परत आखडू शकतात."

घरी येताना ऑटोत त्या मूठ उघडत होत्या, मिटत होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं.

गोळी कमी होत गेली तशी बोटं पुन्हा वाकली. एका सकाळी अंघोळीनंतर त्या भिंतीला पाठ लावून बसल्या आणि मला हाक मारली. "वर्षा, इकडं ये. तुझा हात धर खाली."

मी समोर बसून तळवा पुढे केला. त्यांनी आपला डावा हात त्यावर ठेवला. गरम, सुजलेला, अर्धवट उघडा. माझाच हात लटलट कापत होता.

"भ्या वाटायलंय का?"

"हाव."

"मलाबी."

उजव्या हातानं त्यांनी डबी उघडली. "आत्या, अन् पडलं तर?"

"पडलं तर पडलं," त्या म्हणाल्या. "तू जाग्यावरून हलू नको, म्याबी हलत न्हाई. आन् डॉक्टरीणबाईनं इचारलं की पडलं म्हणून सांगू."

आणि त्यांनी लिंग तळहातावर ठेवलं.