सहज मिळालेली नोकरी

अहिल्याला देवांगच्या नव्या नोकरीत एकच गोष्ट खटकत होती: ती फार सहज मिळाली होती.

ट्रकच्या धंद्यात ज्या पोराला कित्येक महिने कोणी दारात उभं केलं नव्हतं, त्याला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, हातात मसालेभाताची प्लेट धरून काम मिळालं. ना अर्ज, ना मुलाखत, ना लायसन्सवरच्या पॉइंटांबद्दल एक प्रश्न. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला घरी परतताना तिचा नवरा मोरेश्वर गाडीत शीळ घालत होता. अहिल्या खिडकीबाहेर बघत बसली. पोराला काम लागलं की आईला हायसं वाटतं असं ती ऐकून होती. तिला तसं काही वाटेना.

देवांग तिचा एकुलता एक. इथेच जन्मला, इथेच वाढला. लहानपणी टर्नपाइकच्या मोठ्या हायवेवरून जाताना मागच्या सीटवर बसून तो शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरांना हाताने भोंगा वाजवायची खूण करायचा, आणि कोणी वाजवलाच तर पुढचे दोन एक्झिट हसत राहायचा. मोरेश्वरचं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलं, म्हणून देवांगलाही कॉम्प्युटर सायन्सला घातलं. दोन वर्षं त्याने ते ओढलं आणि एक दिवस शांतपणे सांगितलं की मी उद्यापासून जाणार नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. मग तो जुन्या कोरोलातून लोकांच्या घरी जेवण पोचवायला लागला. मंडळात कोणी विचारलं की अहिल्या सांगायची, तो लॉजिस्टिक्समध्ये आहे.

पॉइंट, म्हणजे वाहतुकीचा नियम मोडला की लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण, त्या कोरोलातले. एकदा २९५ हायवेवर वेग जास्त म्हणून पोलिसाने थांबवलं, त्याचे चार. त्यानंतर थंडीत, बर्फाच्या चिखलात गाडी घसरून एकाच्या टपालपेटीवर गेली, त्या निष्काळजीपणाचे दोन. दोन्ही तिकिटांचे पैसे मोरेश्वरने त्याच दिवशी ऑनलाइन भरून टाकले. ही त्याची जुनी सवय, एच-वन व्हिसाच्या दिवसांतली. कोर्ट, पोलीस, कुठलीही तक्रार, कशातच आपलं नाव अडकू द्यायचं नाही. पैसे फेकायचे आणि मोकळं व्हायचं. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. टाउनच्या कोर्टात जाऊन सरकारी वकिलाशी नीट बोललं असतं तर बिनपॉइंटांच्या कलमावर भागलं असतं, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं. इथेच जन्मलेले गोरे शेजारी हे सहज करतात. आपली माणसं पावती घेऊन खूश होतात.

मग देवांग ट्रकच्या शाळेत गेला. अहिल्या एकदा त्याला बघायला गेली होती. कोरोलात उधळणारा हा मुलगा ट्रकच्या केबिनमध्ये वेगळाच दिसला. आरशात बघायचा, थांबायचा, खाली उतरून ट्रेलरची मागची बाजू स्वतः पाहून यायचा, पुन्हा चढायचा. एवढं लांबलचक धूड त्याने दोन खांबांच्या मधे उलटं नेऊन असं लावलं की शिकवणारा नुसता मान हलवत राहिला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की हा मुलगा नापास नव्हता, चुकीच्या वर्गात बसला होता.

पण शाळेतून बाहेर पडल्यावर दारं बंद. भरती करणाऱ्या बायका फोनवर लाडीगोडीने बोलायच्या, रेकॉर्ड मागवायच्या, आणि मग त्यांचा फोनच यायचा नाही. एकीने तर त्याला स्वीटहार्ट म्हणत नकार दिला. त्याने सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स केला, त्याने दोन पॉइंट उतरले. पण पॉइंट उतरतात, तिकिटं पुसली जात नाहीत. नवशिका ड्रायव्हर आणि वर दोन तिकिटं, असा माणूस आमची इन्शुरन्स कंपनी घेत नाही, हे उत्तर त्याने इतक्यांदा ऐकलं की शेवटी समोरच्याच्या आधी तोच ते वाक्य पूर्ण करायचा.

आणि अशात संजीवदादा भेटले. मंडळाच्या भोजन समितीचे प्रमुख, सगळ्यांचे दादा. न्यूअर्क बंदरातले कंटेनर उचलून क्रॅनबरी गावातल्या गोदामांत टाकायचे, कधी लांबच्या फेऱ्या करायच्या, असा त्यांचा दहा-बारा ट्रकांचा धंदा. मोरेश्वरने रांगेत नुसता विषय काढला, तर ते म्हणाले, "वहिनी, आपलाच मुलगा आहे. पॉइंटांचं आपण बघून घेऊ. सोमवारी पाठवा."

बघून घेऊ म्हणजे काय, हे अहिल्याला विचारायचं होतं. पण मागून कोणीतरी पुढे सरका म्हणालं आणि दादा जिलेबीच्या टेबलाकडे गेले.

देवांग कामाला लागला. आणि अहिल्याच्या नजरेला एकेक गोष्ट यायला लागली. कामाचा फोन आला की तो गराजमध्ये जाऊन बोलायचा. कंपनीचं ओळखपत्र दाखव म्हटलं तर मिळायचं आहे म्हणायचा. तो कधी सकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा, डोळे तांबारलेले, आणि बूट न काढता सोफ्यावर आडवा व्हायचा. एकदा ती म्हणाली, ड्रायव्हरला ठरावीक तासांनंतर थांबावं लागतं ना रे, कायदाच आहे ना? त्यावर तो म्हणाला, "आई, यू आर बीइंग वीअर्ड," आणि कुशीवर वळला. मोरेश्वरला सांगितलं तर तो म्हणाला, काम नव्हतं तेव्हाही तुला झोप नव्हती, आता काम आहे तरी नाही.

गुरुवारी तिने थालीपिठं केली, डब्यात लोणी घातलं आणि सरळ दादांच्या ट्रकच्या यार्डात गेली. जाताना तिने स्वतःलाही हेच सांगितलं की पोराला गरम खायला मिळावं म्हणून चाललो आहोत.

फाटकाशी एक म्हातारा हिरवं जॅकेट घालून बसला होता. तिने देवांगचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली, असा इथे कोणी नाही. तिने पुन्हा सांगितलं, माझा मुलगा म्हणत फोनमधला फोटो दाखवला. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. हा तर नकुल, म्हणाला, चांगला मुलगा आहे, आणि दोन ट्रकांच्या मधल्या बोळाकडे तोंड करून त्याने हाक मारली, "नकुल! तुझी आई आलीये!"

आणि देवांग वळला.

दचकून नाही, गोंधळून नाही. आपल्या नावाला माणूस जसा वळतो तसा वळला. मग त्याला ती दिसली, आणि त्याचा चेहरा उतरला.

ती दोघं तिच्या गाडीत जाऊन बसली. डबा मधे. त्याने आधी थालीपीठ तोडलं, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. ती थांबली.

"तू त्या नावाला ओ दिलीस," ती म्हणाली.

"इट्स जस्ट अ लॉगिन, आई."

मग हळूहळू, निम्मं इंग्रजीत निम्मं मराठीत, सगळं बाहेर आलं. इन्शुरन्सच्या यादीत देवांग नव्हताच. दादांनी इन्शुरन्सवाल्यांना त्याचं नाव कळवलंही नव्हतं. पूर्वी त्यांच्याकडे नकुल नावाचा एक मुलगा ट्रक चालवायचा, त्याचं रेकॉर्ड स्वच्छ. तो सोडून गेला, पण त्याचं नाव दादांनी यादीतून काढलं नाही. केबिनमध्ये एक टॅब्लेट असतो, ड्रायव्हर किती तास चालवतो ते तो आपोआप मोजतो. देवांग त्यात नकुल म्हणून शिरायचा. यार्डातही तेच नाव ठेवलं, म्हणजे कोणाच्या तोंडून चुकून दुसरं यायला नको.

अहिल्याने विचारलं, कोणता नकुल? तो म्हणाला, सरला मावशीचा, आता दूर दुसऱ्या राज्यात, कॅरीला असतो. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत तिने त्या पोराला मुळाक्षरं शिकवली होती. ळ लिहिताना जीभ बाहेर काढायचा.

"त्याला माहीत आहे?"

"संजीवकाका हँडल्स दॅट."

"म्हणजे माहीत नाही."

"म्हणजे मी विचारलं नाही, आई."

तिला त्याचे तांबारलेले डोळे आठवले. टॅब्लेट तास मोजतो म्हणतोस, मग नकुलचे तास संपल्यावर काय करतोस, तिने विचारलं.

त्याने थालीपिठाचा आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाला, "देन आय ॲम वीर."

वीर म्हणजे दादांचा पुतण्या, ट्रकचं लायसन्स काढून महिन्याभरात कंटाळलेला. म्हणजे एका माणसाने थकायचं आणि टॅब्लेटवर दुसऱ्या, ताज्या माणसाने चालवायला बसायचं. कोणाला धडक बसली तर, अहिल्याने विचारलं. इन्शुरन्स पैसे देईल? पोलीस तुझं लायसन्स बघतील की टॅब्लेटवरचं नाव? तो म्हणाला, धडक बसणार नाही, मी काळजी घेतो. आणि ते खरं होतं, जागा असेपर्यंत तो काळजी घेत होता.

मग त्याचाही आवाज चढला. किती जणांनी नाही म्हटलं तुला माहीत आहे ना, तो म्हणाला, काका एकटे हो म्हणाले. एक वर्ष बिनचूक ट्रक चालवला की अनुभव दाखवून कुठेही जाता येईल, मग हे सोडून देईन.

"आणि ते वर्ष जमा कोणाच्या नावावर होतंय?" अहिल्याने विचारलं.

इतका साधा हिशेब त्याने केला नव्हता, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. रात्रीचा दिवस करून तो नकुलचा अनुभव वाढवत होता. पण उतरताना तो एवढंच म्हणाला की रविवारी ओहायोची फेरी आहे, ती झाली की काकांशी बोलतो. डबा त्याने नेला नाही.

घरी तिने मोरेश्वरला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो उठून उभा राहील. तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, संजीव तेव्हाच बोलला होता, सुरुवातीला थोडं ॲडजस्ट करावं लागेल म्हणून. मी खोलात गेलो नाही. खोलात गेला नाही, की जायचं नव्हतं? उद्या नोकरी गेली तर तू देणार आहेस का दुसरी, त्याने विचारलं, आणि पोलिसांत गेलीस तर पहिला आत कोण जाईल, संजीव की देवांग?

हे मात्र तो बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला.

शनिवारभर ती घरात इकडून तिकडे फिरत राहिली. दादांना फोन करायचा? ते गोड बोलतील, वहिनी तुम्ही कशाला त्रास करून घेता म्हणतील, आणि संध्याकाळपर्यंत देवांगला बजावतील की घरी काही बोलू नकोस. देवांगचं काकांशी बोलणं? ओहायोनंतर इंडियाना निघेल, मग आणखी काही. हा मुलगा कॉलेजही असंच गप्प राहून दोन वर्षं ओढत होता. त्याच्या शब्दावर तिचा भरवसा राहिला नव्हता. आणि भरवसा ठेवायचा म्हटला, तरी गाडी चालवताना ज्याचा डोळा लागतो त्याचा शब्द तेव्हा झोपलेलाच असतो.

नकुलला हे चालू असल्याचं कळलं, तर तो स्वतःचं नाव काढून घेईल. तेवढं नाव गेलं की दादांना आपलं सगळंच झाकत बसावं लागेल, आणि देवांगला ट्रकवर बसवायची त्यांची छाती होणार नाही. नकुलचा नंबर तिच्याकडे नव्हता. सरलाचा होता.

सरला तोंडाची फटकळ. तिला कळलं म्हणजे आठवडाभरात मंडळाला कळलं: देवांगची तिकिटं, त्याचा ट्रक, लॉजिस्टिक्स, सगळंच. देवांग पुन्हा सोफ्यावर येईल, पुन्हा त्या गोड आवाजाच्या बायकांचे नकार ऐकेल, आणि हे कोणी केलं ते त्याला विचारावंही लागणार नाही. कदाचित तो वर्षभर तिच्याशी बोलणार नाही. तिने ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं: एकाच टेबलावर, फोनमध्ये डोकं घालून जेवणारा देवांग. जेवणारा. घरात असलेला.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या भरत होता. दुपारी निघायचं होतं. डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने विचारलं, आज कोण आहेस? तो हसला नाही. "डोंट स्टार्ट, आई," म्हणाला आणि अंघोळीला गेला.

वर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. अहिल्या फोन घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर आली आणि दार ओढून घेतलं. कशी आहेस, काय चाललंय, यात शिरायचं नाही, नाहीतर सरला आपल्या गुडघेदुखीपासून सुरुवात करेल आणि तोवर तो खाली येईल. पहिलंच वाक्य तिने मनात नीट जुळवलं: सरला, तुझ्या नकुलला आत्ता फोन लाव आणि विचार, त्याच्या नावाने न्यू जर्सीत ट्रक कोण चालवतंय. आणि मग सांगायचं, माझा मुलगा चालवतोय.

तिने सरलाचं नाव शोधलं आणि फोन लावला.